चहा स्वस्त झाला होता, मग बॉस्टनकरांनी तो समुद्रात का लोटला?

निरंजना

मागच्या आठवड्यात जीएसटीच्या चर्चेत कुणीतरी ओघात लिहिलं होतं, "बॉस्टनमध्ये चहा महाग केला म्हणून लोकांनी पेट्या समुद्रात फेकल्या." साताऱ्याला शाळेत मीही हेच शिकले होते. आता बॉस्टनजवळ राहून अकरा वर्षं झाली आणि हा विषय जाता-येता समोर येतो, म्हणून स्वतंत्र धागा काढते.

चहा महाग केला नव्हता. मे १७७३ च्या ब्रिटिश कायद्यानं अमेरिकेत तो स्वस्त होणार होता, इतका की हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहाशी त्यानं टक्कर दिली असती. लोक बिथरले ते या स्वस्ताईमुळेच.

थोडं मागे जाऊ. फ्रान्सशी सात वर्षं चाललेलं युद्ध १७६३ साली संपलं, तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. अमेरिकेतल्या वसाहतींनीही थोडा भार उचलावा, असं लंडनमध्ये ठरलं. १७६४ चा साखर कायदा, १७६५ चा मुद्रांक कायदा, आणि १७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी लावलेली जकात: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. वसाहतींनी मालावर बहिष्कार घातला. व्यापार बसल्यावर लंडननं १७७० मध्ये बाकीची जकात काढली, चहावरची तेवढी ठेवली. पौंडभर वजनाच्या चहाला तीन पेन्स. पैशासाठी नाही, हक्क दाखवण्यासाठी. आणि त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. तोवर हे पगार वसाहतीचं विधिमंडळ मंजूर करी, त्यामुळे गव्हर्नरवर लोकांचा थोडा तरी वचक असे. माझ्या मते खरं दुखणं या पगारांत होतं, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नसतो.

मग १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच बुडायला आली. लंडनच्या वखारींत तिचा पावणेदोन कोटी पौंड चहा पडून होता. तो अमेरिकेत खपवायचा तर भाव पाडायला हवा. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी इंग्लंडमधला कर कंपनीला परत द्यायचं ठरवलं, अमेरिकेतले तीन पेन्स मात्र सोडले नाहीत. बॉस्टनकरांना यातला डाव दिसला: स्वस्त म्हणून एकदा घेतला की कर भरला, आणि कर भरला की पार्लमेंटचा हक्क कबूल केला. ज्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नव्हता, तिचा.

'डार्टमाउथ' जहाज २८ नोव्हेंबर १७७३ ला बंदरात शिरलं. पाठोपाठ 'एलिनॉर' आणि 'बीव्हर'. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्स माल जप्त करणार. आणि जकात भरल्याशिवाय जहाजाला परतीचा परवाना नाही. लोक म्हणत होते, चहा आहे तसा परत न्या. गव्हर्नर थॉमस हचिन्सन म्हणाले, नियम म्हणजे नियम. १६ डिसेंबरला, मुदतीच्या आदल्या दिवशी, ओल्ड साउथ सभागृहात आणि बाहेर सुमारे पाच हजार माणसं जमली. गावाची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास. संध्याकाळी हचिन्सन यांचा शेवटचा नकार घेऊन जहाजमालक आला आणि सभा उठली.

त्या सभागृहापासून ग्रिफिनच्या धक्क्यापर्यंत मी अनेकदा चालत गेले आहे, पंधरा मिनिटंही लागत नाहीत. धक्का आता नाही. मुंबईसारखाच इथेही भराव घालून समुद्र मागे सारलाय. इमारतीवर एक पाटी आहे, समोरून मोटारी जातात. त्या रात्री तोंडाला काजळी फासून शंभर-सव्वाशे जण जहाजांवर चढले आणि तीन तासांत ३४० पेट्या फोडल्या. भरती नव्हती. पाणी इतकं उथळ होतं की चहा बुडेना, जहाजाच्या कडेला भाताच्या उडवीसारखा साचू लागला आणि पोरांना उतरून तो ढकलावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीही लाटांवर तरंगत होता, तेव्हा लोक होड्या घेऊन गेले आणि वल्ह्यांनी बडवून बडवून त्यांनी तो भिजवला. कुणी पुन्हा उचलून विकू नये म्हणून.

किनाऱ्यावर लागलेल्या त्या चहाची एक बाटली मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीनं जपली आहे. मी ती पाहिली तेव्हा काचेशी बराच वेळ उभी होते. काळपट, गुंडाळलेली पानं, आपल्या डब्यात असतात तशीच.

जहाजवाट

निरंजनाताई, उत्तम मांडलंत. मी न्हावा शेव्याला कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. 'कर परत दिला' हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे.

याला आम्ही आजही ड्रॉबॅकच म्हणतो. आयातीवर भरलेली ड्यूटी माल पुढे निर्यात केल्यावर परत मिळते. तेव्हा कंपनीला चहा लंडनमध्ये लिलावानंच विकायचं बंधन होतं. तिथला घाऊक व्यापारी घेणार, तो अमेरिकन व्यापाऱ्याला पाठवणार, तिथून दुकानदाराकडे. प्रत्येक हाताचं कमिशन. १७७३ च्या कायद्यानं दोन गोष्टी एकदम केल्या: ड्रॉबॅक पूर्ण दिला, आणि कंपनीला स्वतःच्या नावानं थेट माल पाठवायची मुभा दिली. मधले हात गेले. बॉस्टनमध्ये माल उतरवून घेणारे ठरावीक आडते नेमले, त्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. आता बाजारात वर्षानुवर्षं चहा विकणाऱ्या बाकीच्या व्यापाऱ्यांनी काय करायचं? आज चहा गेला, उद्या कापड जाईल, मसाले जातील. ही भीती मला अगदी खरी वाटते.

हिशेबही करून पाहिला. बुडालेला चहा सुमारे ९२,००० पौंड वजनाचा. पौंडाला तीन पेन्सनं जकात होते २,७६,००० पेन्स, म्हणजे (तेव्हा २४० पेन्सचा एक पौंड) ११५० पौंड स्टर्लिंग. मालाची किंमत कंपनीनं सांगितली ९,६५९ पौंड. अकराशे पौंडांच्या वसुलीचा हट्ट धरून लंडननं किती मोठा देश घालवला, ते बघा.

वीस दिवसांची मुदत वाचून आमचीच डेडलाइन आठवली. आपल्याकडे तीस दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस काढून लिलाव करता येतो. पण माल नकोच असेल तर जहाज परत न्यायला आज कुणी अडवत नाही. हचिन्सन यांनी ती एक वाट मोकळी ठेवली असती तर त्या रात्री काहीच घडलं नसतं.

टाकोबा

एक भाबडा प्रश्न. हा चहा आसामचा होता का?

निरंजना

नाही टाकोबा, सगळा चीनचा. बहुतेक पेट्या बोही नावाच्या काळ्या चहाच्या, फुजियान प्रांतातल्या डोंगरांतला. थोडा सिंगलो आणि हायसन, हे हिरवे. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोचायला त्यानंतर पासष्ट वर्षं गेली.

@जहाजवाट, अकराशे पौंडांचा हिशेब मी कधी केला नव्हता. आभार.

बखरवाचक

चहा चीनचा, पण कंपनी बुडाली ती आपल्या बाजूला. ते लिहायलाच हवं.

१७६५ साली कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, मिळाली. आता पैसाच पैसा, अशा समजुतीनं लंडनमध्ये शेअरचे भाव चढले, लाभांश साडेबारा टक्क्यांवर नेला, ब्रिटिश सरकारनंही दरसाल चार लाख पौंड मागून घेतले. १७६९-७० मध्ये बंगालात पाऊस गेला, दुष्काळ पडला, आणि शेतसारा तरी सक्तीनं वसूल होत राहिला. लाखो माणसं मेली. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या तशी कंपनी सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी राहिली. चौदा लाख पौंड मिळाले.

त्या कर्जाच्या सौद्यातून १७७३ च्या मे-जून महिन्यांत कायदे निघाले. एक चहाचा, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्यानं मुंबई इलाख्याला कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आणलं. दोनच महिन्यांनी, ३० ऑगस्टला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांना हाताशी धरून मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. तो कलकत्त्यानं याच कायद्याच्या जोरावर मोडीत काढला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. नाना फडणिसांना सापडलेली मुंबई-कलकत्त्यातली ही फट आणि बॉस्टनचा चहा एकाच दिवाळखोरीतून निघाले. इतिहासाच्या पेपरात हे दोन वेगळ्या प्रकरणांत असतं, म्हणून कुणी जोडून पाहत नाही.

पुढे १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच दूत पुण्यात येऊन नानांशी बोलू लागला, तेव्हा इंग्रजांच्या पोटात गोळा आला. का, तर अमेरिकेतल्या बंडाला फ्रान्सची फूस होतीच. पुण्याकडे त्यांचं लक्ष होतं त्याचं हेही एक कारण.

निरंजना

बखरवाचक, तुम्ही बंगाल काढलंत म्हणून हे सांगते, नाहीतर पुढच्या भागासाठी ठेवलं होतं. अमेरिकेतल्या लोकांना बंगालची बातमी होती. फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३ मध्ये, चहा बुडण्याच्या आधीच, टोपणनावानं एक पत्र छापलं. त्यात ते म्हणतात, या कंपनीचं आशियातलं वागणं पाहा, माणसांच्या हक्कांची आणि जिवांची हिला पर्वा नाही. एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेनं मेली असं सांगतात, आणि जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनीनं आणि तिच्या नोकरांनी अन्नधान्य कोंडून भाव चढवले म्हणून. आता ही कंपनी आपल्याकडे निघाली आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते इथल्या गावातल्या वाचनालयात बसून. बंगालातल्या मुर्शिदाबादच्या माणसांचं मरण फिलाडेल्फियाच्या छापखान्यात पोचलं होतं, आणि तिथल्या माणसाला ते आपल्याशी जोडता आलं. त्यानंतर चहाच्या त्या रात्रीकडे मी परकी गोष्ट म्हणून पाहू शकले नाही.

खडीसाखर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, आणि ते स्पष्ट मांडते.

तत्त्वाचीच लढाई असेल तर मळीचं काय? न्यू इंग्लंडात मळीपासून रम गाळायचा मोठा धंदा होता. १७३३ पासून परदेशी मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात होती, पण ती कुणी भरत नसे. अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवलं की पिंपं उतरायची. १७६४ मध्ये जकात निम्मी केली, तीन पेन्स, पण वसुली कडक केली. पकडलेल्या मालाचा खटला ज्यूरीशिवायच्या आरमारी न्यायालयात. तेव्हा ओरडा झाला. मग १७६६ मध्ये जकात एक पेनी केली, आणि ती हे लोक मुकाट्यानं भरत राहिले! चहाच्या वेळीसुद्धा ती चालूच होती आणि तिचं उत्पन्न चहापेक्षा जास्त होतं. प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही हे तत्त्व मळीला का लागू नाही?

दुसरं. ती मळी आली कुठून? कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, जिथं आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. स्वातंत्र्याची भाषणं करणाऱ्या अनेकांच्या घरात गुलाम होते. हे वगळून गौरव केलेला मला पटत नाही.

निरंजना

खडीसाखर, दोन्ही मुद्दे मान्य. १७७० ते ७३ मध्ये बॉस्टनमध्ये जकात भरलेला चहाही बराच उतरत होता, हेही त्यात धरा. माणसं पेनी-पेनीचा कर सोसतात. कर भरायला लावून त्याच पैशानं आपल्यावरचा अंकुश विकत घेतला जातोय हे दिसतं, तेव्हा बिनसतं. न्यायाधीशांचे पगार परस्पर राजाच्या तिजोरीतून होणार ही बातमी बॉस्टनला १७७२ मध्ये फुटली, आणि त्यानंतरच गावोगावच्या पत्रव्यवहार समित्या उभ्या राहिल्या. मळी आणि चहा यांत फरक पडला तो इथं, असं मला वाटतं.

गुलामीबद्दल बचाव करण्यासारखं काही नाही. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यात पाच जण गेले. त्यांतल्या क्रिस्पस ॲटक्स यांचे पूर्वज आफ्रिकेतले आणि इथले मूळ रहिवासी होते. त्यांना पुढे हुतात्मा म्हटलं गेलं, पण गुलामीत जगणाऱ्यांच्या वाट्याला ते स्वातंत्र्य आलं नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

सुमनमावशी

बायकांचं कुणीच काही लिहिलं नाही. बहिष्कार घालायचा तर घरात चहा करणारी तयार हवी ना?

निरंजना

मावशी, अगदी बरोबर. १७६८-६९ मध्ये गावोगावी बायका चरखे घेऊन पाद्र्याच्या घरी जमत, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत सूत कातत. अंगणात रांगेनं चरखे, मधे पाहायला आलेले लोक. विलायती कापड नको तर घरचं जाडंभरडं सूत हवं. हार्वर्डचे विद्यार्थी १७६८ मध्ये पदवी घ्यायला घरी विणलेल्या कापडाचे कपडे घालून आले. चहाऐवजी रानातल्या झुडपांची पानं उकळून पीत. आणि ऑक्टोबर १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या इडेंटन गावी ५१ बायकांनी बहिष्काराच्या कागदावर स्वतःच्या नावानं सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारं चित्र छापलं. त्यांची नावं मात्र आजही वाचता येतात.

गिरणगावकर

घरी विणलेल्या कापडावरून सार्वजनिक काका आठवले. गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले होते. सगळे रेशमात आणि हे स्वतःच्या हातच्या सुतात.

आपल्याकडे तर कर असाही लावला: १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आरडाओरडा करू नये म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के अबकारी कर. आपल्या देशात, आपल्या कापसाचं, आपल्या कामगारांनी विणलेलं कापड. टिळकांनी त्याच वर्षी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. तो कर सुटायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. माझे पणजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. त्यांनी विणलेल्या प्रत्येक ताग्यातला वाटा मँचेस्टरच्या समाधानासाठी जात होता, हे मला आजही झोंबतं.

खाडीकाठ

मी शिरोड्याचा. इथं १२ मे १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला. गावातली म्हातारी माणसं मिठागरांची जागा दाखवायची, लाठ्या कुठं पडल्या ते सांगायची. मिठावरचा कर व्यापारी मालाच्या जकातीपेक्षा वेगळा, तो थेट गरिबाच्या भाकरीवर. एक फरक मात्र सांगावासा वाटतो. बॉस्टनमध्ये तोंडाला काजळी फासावी लागली. शिरोड्याला आणि वडाळ्याला लोक उघड्या चेहऱ्यानं गेले, नाव-गाव सांगून तुरुंगात गेले.

निरंजना

खाडीकाठ, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. बॉस्टनमधल्या कित्येकांनी पुढे पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही. 'टी पार्टी' हे नावही १८२० च्या दशकानंतर रूढ झालं, तोवर लोक नुसतं 'चहाचा नाश' म्हणत.

जहाजवाट

ताई, एक राहिलं. वीस दिवसांत कस्टम्स माल जप्त करणार म्हणालात. बाकीच्या बंदरांत तसं झालं का? जप्त मालाचं पुढे काय होतं हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

निरंजना

झालं, दादा. फिलाडेल्फियाहून आणि न्यूयॉर्कहून जहाजं चहासकट परत पाठवली. पण चार्ल्सटनला 'लंडन' नावाचं जहाज डिसेंबर १७७३ मध्ये २५७ पेट्या घेऊन आलं. आडत्यांनी लोकांच्या दबावाखाली माल घेतला नाही, जकात कुणी भरली नाही, वीस दिवस उलटले. कस्टम्सनं पेट्या उतरवून एक्स्चेंज इमारतीच्या तळघरात ठेवल्या. तिथं तो चहा अडीच वर्षांहून जास्त पडून राहिला. वर बॉस्टनचं बंदर बंद झालं, वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस भरली, लेक्झिंग्टनला युद्धाचा पहिला गोळीबार झाला, खाली पेट्या तशाच. १७७६ मध्ये तो लिलावात निघाला. काढला होता वसाहतीच्या नव्या सरकारनं, आणि आलेला पैसा गेला इंग्रजांशी लढायला.